हिरा तापवला तर काय होते, मामा?

दिवाळीच्या सुट्टीत लालबर्ऱ्याला गेलो की पहिले दोन दिवस माझ्याकडे दुरुस्तीची कामं येतात. कुणाचा फोन भरलेला असतो, कुणाचा प्रिंटर रुसलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे याला सगळं येतं, हा घरच्यांचा समज मी कधी मोडला नाही. या वेळी मात्र भाचीने वेगळंच काम आणलं. ती दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला कार्बनचा धडा तिचा नुकताच झाला होता. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि अंगठीतला हिरा, दोन्ही कार्बनच. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. एवढं वाचून तिने विचारलं, "मामा, मग हिरा तापवला तर त्याचं काय होते? पेन्सिल होते का?"

शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिला हाच विषय घ्यायचा होता. मी बी.ई. केलं ते कॉम्प्युटरमध्ये, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दुसऱ्या सेमिस्टरला संपला. पण मामा म्हणून मान राखायचा होता. म्हटलं, "हिरा तर आपल्याकडे नाही. लॅपटॉपमध्ये तापवू."

हे शक्य आहे, हे मला ऑफिसच्या एका जुन्या कामामुळे माहीत होतं. लॅम्प्स नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या सॅन्डिया प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि जगभरातले संशोधक तो वापरतात. त्याला प्रत्येक अणू कुठे आहे ते सांगायचं, आणि अणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात याचा एक नियम द्यायचा. मग तो न्यूटनच्या गतीच्या नियमाने प्रत्येक अणू किंचित पुढे सरकवतो, पुन्हा बल मोजतो, पुन्हा सरकवतो. तापवणं म्हणजे अणूंचा वेग वाढवणं. बाकी सगळं आपोआप घडतं, किंवा घडत नाही.

आम्ही तीन नॅनोमीटर व्यासाचा हिऱ्याचा गोळा बनवला. त्यात सुमारे अडीच हजार अणू बसतात. केसाच्या जाडीत असे पंचवीसेक हजार गोळे शेजारी शेजारी मावतील. एवढा लहान हिरा काल्पनिक नाही. स्फोटकांच्या धमाक्यातून चार-पाच नॅनोमीटरचे हिरे खरोखर तयार करतात, आणि त्यांना नॅनोडायमंड म्हणतात. आमचा गोळा रिकाम्या पेटीत ठेवला, 300 केल्विनपासून 6,000 केल्विनपर्यंत तापवत नेला आणि तासाभराने त्याचा व्हिडिओ काढला.

व्हिडिओ फार सुंदर आला. गोळा आधी थरथरतो, मग बराच वेळ तसाच राहतो, आणि 4,300 च्या आसपास अचानक सुटतो. आतून शेवयांसारख्या साखळ्या बाहेर पडतात. आजीसुद्धा चुलीवरचं सोडून बघायला आली. भाचीने त्याच संध्याकाळी चार्ट पेपरवर जाड मार्करने लिहिलं: "नॅनो हिरा 4,300 केल्विनला वितळतो." फोन करून शाळेतल्या मॅडमना सांगितलंही.

रात्री सगळे झोपल्यावर मी खरं किती असतं ते शोधायला बसलो. खरं तर हे आधी करायला हवं होतं.

चार्टवर दोन चुका

पहिली चूक तर पुस्तकी होती. साध्या हवेच्या दाबाला कार्बन वितळतच नाही. तो कापरासारखा घनातून थेट वायू होतो. द्रव कार्बन बघायचा तर दाब सुमारे शंभर पट तरी हवा आणि तापमान साडेचार हजार केल्विनच्या पुढे. ते नेमकं किती यावर प्रयोगशाळांचं अनेक दशकं एकमत नव्हतं. मोजमापं चार हजारांपासून पाच हजारांपर्यंत पसरलेली होती. इतक्या तापमानाला ज्यात ठेवून मोजायचं ते भांडंच टिकत नाही.

दुसरी चूक मोठी होती. हिरा मुळात टिकायलाच नको असा पदार्थ आहे. आपल्या रोजच्या दाबाला कार्बनची स्थिर मांडणी ग्रॅफाइटची. हिरा केवळ मधला डोंगर ओलांडता येत नाही म्हणून हिरा राहतो. पुरेशी उष्णता दिली की तो डोंगर ओलांडतो. हवेत तापवला तर जळून कार्बन डायऑक्साइड होतो. इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने 1797 मध्ये हिरा जाळून, निघालेला वायू मोजून तो निव्वळ कार्बन असल्याचं दाखवलं होतं. पण निर्वात भट्टीत तापवला तर जळायला ऑक्सिजन नसतो, आणि तिथे खरी गंमत होते. रशियातल्या कुझ्नेत्सोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं की नॅनोडायमंड हजार-दीड हजार अंश सेल्सिअसला निर्वातात ठेवले की बाहेरून आत ग्रॅफाइटसारखे होत जातात. फक्त त्यांचे थर सपाट नसतात. एकात एक बंद गोल पापुद्रे, अगदी कांद्यासारखे. त्यांना नावही तेच पडलंय, कार्बन ओनियन.

म्हणजे भाचीचा मूळ अंदाज, पेन्सिल होते का, जवळजवळ बरोबर होता. आणि माझ्या सिम्युलेशनमध्ये हिरा दीड हजार अंशाला कांदा न होता, 4,300 केल्विनपर्यंत हिराच राहून मग फुटला होता. मी तिला अख्खी पायरी गिळून उत्तर दिलं होतं.

सकाळी हे सांगितलं तेव्हा ती रागावली. "मॅडमना सांगून झालं ना मामा! तुम्ही आधी नाही का पाहिलं?" तिचं बरोबर होतं. कोडमध्ये चूक नव्हती, प्रोग्रॅम नीट चालला होता, आकडा तीन वेळा चालवून तोच आला होता. ऑफिसमध्ये याला आम्ही "टेस्ट पास" म्हणतो आणि घरी जातो.

उकळत्या पाण्यातला तांदूळ

चूक होती वेळेची. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण हवामानापासून औषधांपर्यंत, संगणकावर काढलेली उत्तरं आपण आता रोज ऐकतो.

अणू फार वेगाने थरथरतात, म्हणून सिम्युलेशनमध्ये त्यांना एका वेळी जेमतेम अर्धा फेमटोसेकंद पुढे सरकवता येतं. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले की त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद. याहून मोठी उडी मारली तर अणू एकमेकांत घुसतात आणि हिशेब कोसळतो. अशा वीस लाख उड्या मारल्या की एक नॅनोसेकंद होतो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. माझ्या लॅपटॉपला त्यासाठी तास लागला. त्याच वेगाने एक खरा सेकंद चालवायचा तर एक लाख चौदा हजार वर्षं लागतील. भाचीने हा भागाकार मोबाइलवर दोनदा करून बघितला.

आता बघा मी काय केलं होतं. प्रयोगशाळेतली भट्टी मिनिटाला दहा-वीस अंशांनी तापवतात आणि मग तास-तासभर तिथेच ठेवतात. मी एका नॅनोसेकंदात 5,700 अंश चढवले. हिऱ्याला कांदा होण्याची मुभा होती, सवड नव्हती. तांदूळ उकळत्या पाण्यात टाकून पापणी लवायच्या आत बाहेर काढला आणि शंभर अंशाला भात शिजत नाही असं जाहीर केलं, तसला प्रकार. हे उदाहरण आजीचं नाही, माझंच आहे, पण ऐकून मान तिने डोलावली.

मग यावर उपाय काय? संशोधक एक युक्ती करतात. बंध तुटून नवी मांडणी होण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ वाढत नाही, तो भराभर चढतो. समजा, वाटेतला डोंगर चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. मग 1,700 केल्विनच्या जागी 3,000 केल्विन केलं, तर तीच घटना लाखाहून जास्त पटींनी लवकर घडते. म्हणून सिम्युलेशनवाले मुद्दाम भट्टीपेक्षा खूप जास्त तापमान घेतात, तिथे काय घडतं ते पाहतात आणि वेगाचा हिशेब मांडून उत्तर खाली आणतात. पण जास्त म्हणजे किती? फार चढवलं तर माझ्यासारखं होतं, डोंगर ओलांडण्याआधी अख्खा गोळाच उधळतो.

नियम कोणाचा?

दुसऱ्या रात्री आम्ही 3,000 केल्विनला गोळा स्थिर ठेवून चालवला. पहाटे बघितलं तर हिरा जवळजवळ तसाच. इथे मला दुसरी गोष्ट कळली, जी मला वेळेपेक्षाही महत्त्वाची वाटते.

सिम्युलेशनला आपण अणूंच्या ओढाताणीचा जो नियम देतो, तो निसर्गाने दिलेला नसतो. तो कुणीतरी बसून लिहिलेला असतो. मी जो वापरला तो जेरी टर्सॉफ यांचा, 1988 चा. कल्पना सुरेख आहे. दोन अणूंमधला बंध किती मजबूत, हे आजूबाजूला आणखी किती अणू आहेत यावर ठरवायचं. तीन शेजारी असतील तर ग्रॅफाइट, चार असतील तर हिरा, दोन्ही एकाच सूत्रात बसतात. पण हे सूत्र थोड्या अंतरावर थांबतं. त्यापलीकडचा अणू त्याला दिसतच नाही. सिलिकॉनसाठीचा त्यांचा तशाच धाटणीचा नियम सिलिकॉनला सुमारे अडीच हजार केल्विनला वितळवतो. खरं सिलिकॉन 1,687 ला वितळतं. नियम वाईट म्हणून असं होत नाही. बंधांची लांबी, कडकपणा यांसाठी तो बसवला होता, वितळण्यासाठी नाही.

कार्बनच्या बाबतीत ही पंचाईत किती मोठी आहे, ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या कर्टिन विद्यापीठाच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं. कार्ला दे तोमास, आयरीन सुआरेझ-मार्टिनेझ आणि नायजेल मार्क्स यांनी एकच काम, अस्ताव्यस्त कार्बन तापवून ग्रॅफाइटसारखा करणं, सहा वेगवेगळ्या प्रचलित नियमांनी करून बघितलं. अणू तेच, तापवणं तेच, आणि निकाल मात्र वेगवेगळे. काही नियमांत छान थर आले, काहींत आलेच नाहीत. मी हे वाचलं तेव्हा थोडा सुन्न झालो. व्हिडिओ तर सहाही सुंदरच असणार.

तिसऱ्या रात्री थरांमधली दूरची ओढसुद्धा धरणारा दुसरा नियम घेतला. तो बराच संथ चालतो. मध्ये लाइट गेली. लालबर्ऱ्यात ती जाते, त्यात बातमी नाही. दर दहा मिनिटांनी सगळ्या अणूंच्या जागा फाइलमध्ये साठवायची सोय मी करून ठेवली होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं नाही. सकाळी भाचीने झोपेतूनच फाइल उघडली. गोळ्याच्या पृष्ठभागावर सहा-सहा अणूंची कडी दिसत होती. वरचा पापुद्रा आतल्या हिऱ्यापासून सुटायला लागला होता, मधूनमधून पाच आणि सात अणूंची कडी, त्यामुळे पापुद्रा वाकलेला. आत अजून हिरा शाबूत. पूर्ण कांदा झाला नव्हता. अर्धवट सोललेला कांदा म्हणा.

हैदराबाद, पुणे आणि तळहातावरचा धातू

हे सगळं बाहेरच्या देशांतलं वाटत असेल, तर या विद्येचे मूळ पुरुष मानले जाणारे अनीसुर रहमान हैदराबादचे. जन्म 1927. उस्मानिया विद्यापीठात शिकवत असत, नंतर अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत गेले. 1964 मध्ये त्यांनी खोलीभर मावणाऱ्या संगणकावर द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू चालवले. खऱ्या द्रवासारखं वागणारं ते पहिलं सिम्युलेशन. पुढे 1980 च्या सुमारास मिकेले पारिनेल्लो यांच्यासोबत त्यांनी अशी रीत काढली की अणूंची पेटीच दाबाप्रमाणे आपला आकार बदलू शकेल. त्यामुळे एक स्फटिक दुसऱ्या प्रकारच्या स्फटिकात बदलताना संगणकात दिसू लागला. आम्ही घरात बसून जे करत होतो, ते त्याच घराण्यातलं.

आणि पुण्याचं उदाहरण तर मला सगळ्यात आवडलं. गॅलिअम नावाचा धातू साधारण 30 अंश सेल्सिअसला वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात तो टेबलावर ठेवला तर पाण्यासारखा पसरेल. लहान कण मोठ्या ढेकळापेक्षा लवकर वितळतात, हा सर्वसाधारण अनुभव आहे. सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण शेकडो अंश आधीच वितळतात. कारण सोपं आहे. लहान कणात पृष्ठभागावरचे अणू जास्त, आणि त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी. मग 2003 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं की गॅलिअमचे अगदी लहान पुंजके उलट वागतात. ढेकळाच्या वितळणबिंदूच्या कितीतरी वरही ते घनच राहतात. असं का?

पुणे विद्यापीठातल्या दिलीप कान्हेरे यांच्या गटाने 2004 मध्ये याचं उत्तर दिलं. शाजी चाको, कविता जोशी, कान्हेरे आणि फ्रान्समधले ब्लंडेल असा तो निबंध, नाव एक साधा प्रश्नच: गॅलिअमच्या पुंजक्यांचा वितळणबिंदू ढेकळापेक्षा जास्त का? त्यांनी लिहून ठेवलेला नियम वापरला नाही. प्रत्येक पावलाला इलेक्ट्रॉनचाच हिशेब केला. हे भयंकर महाग पडतं, म्हणून अणू घेतले फक्त 17 आणि 13. उत्तर आलं सुमारे 650 केल्विन आणि 1,400 केल्विन. ढेकूळ वितळतं 303 ला. कारण असं की एवढ्या लहान पुंजक्यात अणू धातूसारखे सैलपणे नव्हे, तर हिऱ्यातल्यासारखे थेट हातात हात धरून बसतात.

अडीच हजार अणूंचा माझा व्हिडिओ आणि पुण्याचे सतरा अणू शेजारी ठेवून बघितले, तेव्हा भाचीने विचारलं, "मग त्यांनी एवढे कमी का घेतले?" मी म्हटलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

चुलीतला कोळसा

आमच्या जिल्ह्याची ओळख भरवेलीच्या मँगनीजची आणि मलाजखंडच्या तांब्याची. पण कार्बन आणि आच यांचं नातं इथे त्याहून जुनं आहे. बालाघाट-मंडला भागातले अगरिया लोक लाकडी कोळशावर लोखंड गाळत असत. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 मध्ये त्यांच्यावर पुस्तकच लिहिलं. त्या कोळशाची एक गोष्ट मला या धांदलीत नव्याने कळली. डीएनएच्या छायाचित्रामुळे माहीत असलेल्या रोझालिंड फ्रँकलिन यांचं आधीचं काम कोळशावरचं आहे. 1951 मध्ये त्यांनी दाखवलं की काही कार्बन तापवले की ग्रॅफाइट होतात, आणि काही 3,000 अंश सेल्सिअसपर्यंत नेले तरी होत नाहीत. त्यांचे बारीक थर आडवेतिडवे असे घट्ट जोडले गेलेले असतात की रांगेत यायला वावच राहत नाही. लाकडी कोळसा या दुसऱ्या जातीतला.

हिरा तापवला तर त्याचा कांदा होतो आणि चुलीतला कोळसा कितीही तापवा, पेन्सिल होत नाही. भाचीला हे हिऱ्यापेक्षा जास्त आवडलं. कोळसा घरात होता, हिरा नव्हता.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तिने जुना चार्ट उलटा केला आणि मागच्या बाजूला नवा लिहिला. तीन रकाने होते. पहिल्यात "लॅपटॉपमध्ये काय दिसलं", दुसऱ्यात "भट्टीत काय होते", आणि तिसऱ्यात, जो सगळ्यात रुंद होता, "फरक का पडला". 4,300 चा आकडा तिने पुसला नाही. पहिल्या रकान्यात लिहून त्याच्यापुढे कंसात "एका नॅनोसेकंदात" असं जोडलं. मॅडमना स्वतःच फोन करून आधी सांगितलेलं चुकीचं होतं हेही कळवलं. मी फोन करतो म्हटलं तर नको म्हणाली.

मी परत निघालो त्या दिवशी तिने एका डबीत चुलीतला कोळशाचा तुकडा दिला. आता याचे अणू कसे मांडायचे, हे विचारत होती. हिऱ्याची मांडणी एका ओळीत लिहून होते, कोळशाची कशी लिहायची ते मला गाडी गोंदियाला पोहोचेपर्यंत सुचलं नव्हतं.